मोफत साधनांनी मराठी कीवर्ड कसे शोधावेत : नवख्यांसाठी मार्गदर्शक

नवे संकेतस्थळ सुरू करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी 'आधी कीवर्ड रिसर्च करा', म्हणजे लोक गूगलवर कोणते शब्द लिहून शोधतात ते आधी पाहा, असा सल्ला देते, आणि तो पाळायला बसावे तर समोर येणारी नावाजलेली साधने दरमहा भरभक्कम शुल्क मागतात. मराठीत लिहिणाऱ्याने निदान पहिले वर्षभर तरी हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या साधनांचा भर इंग्रजीसारख्या मोठ्या बाजारपेठांवर असतो. मराठी शब्दप्रयोगांपुढे ती शोधांची संख्या अनेकदा शून्य दाखवतात किंवा ढोबळ अंदाज देतात. शून्य दिसले म्हणजे तो शब्द कोणी शोधत नाही असे नव्हे, एवढे लक्षात ठेवले तर पुढची सगळी पद्धत समजायला सोपी जाईल.

उदाहरणासाठी मी माझ्या नेहमीच्या कामाचाच विषय घेते : उपवासाचे पदार्थ आणि घरगुती उपवासाची भाजणी. तुमचा विषय शेती असो, शिकवणी असो किंवा दुचाकीची दुरुस्ती, पायऱ्या त्याच राहतील.

हाताशी काय असावे

कागदपत्रे लागत नाहीत. एक गूगल खाते (शक्यतो संकेतस्थळासाठी वेगळे काढलेले), गूगल शीट्समधला एक कोरा तक्ता, युनिकोड मराठी (कोणत्याही यंत्रावर सारखीच वाचली जाणारी अक्षरे) लिहिता येईल असा कीबोर्ड (मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड पुरतो), आणि ब्राउझरची खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकी. संकेतस्थळाच्या मालकीची खातरजमा करण्याइतके अधिकार तुमच्याकडे असावेत, म्हणजे ब्लॉगरचे किंवा वर्डप्रेसचे प्रशासक खाते, नाहीतर डोमेनची (संकेतस्थळाच्या नावाची) डीएनएस नोंद बदलण्याची सोय. तुमचे पान गूगलच्या शोधात कसे दिसते ते सांगणाऱ्या गूगलच्या मोफत साधनात, म्हणजे सर्च कन्सोलमध्ये, संकेतस्थळ आजच जोडून ठेवा. त्याचा उपयोग शेवटच्या पायरीत आहे, पण त्यातली माहिती साठायला वेळ लागतो.

१. साधन उघडण्यापूर्वी स्वतःची यादी करा

ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, कारण तिच्यात कोणतेही साधन नाही. पण साधनाला तुम्ही जे बीज, म्हणजे सुरुवातीचा शब्द, द्याल त्याच्याच आसपासचे शब्द ते परत देईल. 'भगर' हा शब्द तुम्ही दिलाच नाही, तर 'वरीचे तांदूळ' यापुढे तुमची यादी कदाचित जाणारच नाही. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातला मोठा वर्ग ज्याला भगर म्हणतो, त्यालाच पुण्याकडे आणि कोकणात वरी किंवा वऱ्याचे तांदूळ म्हणतात. तेव्हा कोऱ्या तक्त्यात विषयाचे मुख्य शब्द लिहून प्रत्येकापुढे पुढील भेद भरावेत.

पहिला भेद प्रदेशाचा, जो वर आलाच. दुसरा लेखनाचा : 'उपवास' आणि 'उपास', 'साबुदाणा' आणि 'साबूदाणा'. शोधणारी व्यक्ती शुद्धलेखनाची परीक्षा देत नसते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह लिहिलेली रूपेही यादीत असावीत. ती लेखात वापरायची नाहीत, फक्त मोजायची आहेत. तिसरा भेद विभक्तीचा. मराठीत नाम क्वचितच मूळ रूपात राहते, म्हणून 'उपवास भाजणी', 'उपवासाची भाजणी' आणि 'उपवासाच्या भाजणीचे थालीपीठ' या तिन्हींची नोंद वेगळी घ्यावी. चौथा लिपीचा : मराठी वाचणारी असंख्य माणसे शोधताना मात्र रोमन अक्षरांत 'upvas recipe in marathi' असे लिहितात, आणि परदेशात राहणाऱ्यांचा कलही बराचसा त्याच बाजूला असतो.

यादीत सर्वांत मोलाची भर ग्राहकांच्या आणि वाचकांच्या शब्दांची असते. व्हॉट्सॲपवर आलेले जुने संदेश चाळा. 'उपवासाला कोथिंबीर चालते का', 'हळद चालते का', 'भाजणी किती दिवस टिकते' अशी वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्या, त्यांना नीटनेटके करू नका. घराघरांतल्या रीती वेगळ्या असल्याने हे 'चालते का' प्रकारचे प्रश्न उपवासाच्या विषयात कधी संपत नाहीत, आणि त्यांची उत्तरे देणारी चांगली पाने मराठीत थोडीच आहेत.

२. गूगलच्या शोधपेटीतल्या सूचना गोळा करा

खाजगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा प्रभाव पडणार नाही. स्थानाचा प्रभाव मात्र तेथेही राहतो. नागपुरात बसून केलेला शोध आणि रत्नागिरीत बसून केलेला शोध यांत फरक पडू शकतो. शोधपेटीत 'उपवासाची' एवढे लिहून एक जागा सोडा आणि एंटर न दाबता थांबा. खाली उतरणाऱ्या सूचना लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या शोधांवर बेतलेल्या असतात, म्हणून आकडा नसतानाही हा पुरावा मी सर्वांत भरवशाचा मानते.

आता त्याच शब्दापुढे बाराखडीतली अक्षरे एकेक करून द्या : 'उपवासाची क', 'उपवासाची ख', 'उपवासाची च'. प्रत्येक वेळी सूचना बदलतात. नंतर कर्सर वाक्याच्या सुरुवातीला नेऊन मागच्या बाजूच्या सूचना पाहा. त्यानंतर प्रश्नार्थक शब्द जोडा : कसे, कशी, किती, का, चालते का. शेवटी हाच सगळा फेरा रोमन लिपीत करा. काम कंटाळवाणे आहे, पण एका बैठकीत पन्नासेक शब्दप्रयोग सहज जमतात, आणि त्यांतले बरेचसे कोणत्याही सशुल्क साधनात सापडणार नाहीत.

यानंतर शोध पूर्ण करून निकालाचे पान पाहा. 'लोक हेही विचारतात' ही चौकट मराठी शोधांत नेहमी येत नाही, पण आली तर तिच्यातला एकेक प्रश्न उघडा. प्रत्येक प्रश्न उघडला की खाली नवे प्रश्न जोडले जातात. पानाच्या तळाशी असलेले संबंधित शोधही उतरवून घ्या. स्वयंपाकासारख्या विषयात यूट्यूबच्या शोधपेटीत हीच कृती स्वतंत्रपणे करावी, कारण तेथे लोक वेगळ्या शब्दांनी शोधतात.

येथे एक सापळा आहे. देवनागरीत हिंदी आणि मराठी दोन्ही लिहिल्या जात असल्याने सूचनांत हिंदीची सरमिसळ होते. 'राजगिरा' किंवा 'उपवास' हे शब्द एकटे दिले तर कोणत्या भाषेतला शोध मोजला जातो आहे ते कळत नाही. विभक्तीची रूपे येथे उपयोगी पडतात : 'राजगिऱ्याची', 'उपवासाचे', 'शिंगाड्याच्या' ही रूपे फक्त मराठीच शोधणारी व्यक्ती लिहील. 'साबुदाणा' शब्दातला 'ण' हेही असेच एक चांगले लक्षण आहे.

३. ट्रेंड्समध्ये शब्दांची तुलना करा आणि हंगाम ओळखा

एखाद्या शब्दाचा शोध कधी वाढला आणि कधी घटला हे दाखवणारे गूगल ट्रेंड्स मोफत आहे आणि त्यात २००४ पासूनची माहिती मिळते. देश भारत आणि उपप्रदेश महाराष्ट्र निवडा. एका वेळी पाच शब्दांपर्यंत तुलना करता येते. आलेखावरचे ० ते १०० हे अंक शोधांची संख्या दाखवत नाहीत : निवडलेल्या काळात आणि प्रदेशात ज्या क्षणी सर्वाधिक रस होता त्याला १०० मानून बाकीचे अंक त्याच्या प्रमाणात काढलेले असतात. म्हणून दोन वेगवेगळ्या वेळी काढलेल्या आलेखांतले अंक शेजारी ठेवून तुलना करू नये; तुलनेचे शब्द एकाच आलेखात घ्यावेत.

'भगर' आणि 'वरी' एकत्र टाकले तर खाली शहरनिहाय फरक पाहता येतो, अर्थात पुरेशी माहिती असेल तर. एकाच वस्तूची अनेक रूपे एकत्र मोजायची असल्यास त्यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह द्यावे, उदाहरणार्थ 'उपवासाची भाजणी + उपासाची भाजणी'. शब्द लिहिताना खाली 'शोध संज्ञा' आणि 'विषय' असे पर्याय दिसू शकतात. नेमके रूप तपासायचे असेल तेव्हा शोध संज्ञाच निवडा, कारण विषय निवडल्यास इतर भाषांतले शोधही त्यात येतात. संबंधित शोधांच्या यादीत एखाद्या शब्दापुढे 'ब्रेकआउट' असे दिसले, तर त्याची वाढ ५००० टक्क्यांहून अधिक आहे असा त्याचा अर्थ. पण आधीचा पाया अगदी छोटा असला तरी असे होते, त्यामुळे हुरळून जाऊ नये.

ट्रेंड्सचा खरा उपयोग हंगामासाठी आहे. उपवासाच्या विषयात आषाढी एकादशी, श्रावण, नवरात्र आणि महाशिवरात्र या वेळी शोध उसळतात, मात्र तिथीमुळे इंग्रजी महिना दरवर्षी सरकतो. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. महाशिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला होती, तर २०२५ मध्ये २६ फेब्रुवारीला. 'जूनमध्ये मागणी कमी आहे' असा निष्कर्ष एका वर्षाच्या आलेखावरून काढणारा म्हणूनच फसतो. पाच वर्षांचा आलेख घ्या, शेजारी पंचांग ठेवा आणि लेख त्या दिवसाच्या दीड-दोन महिने आधी प्रसिद्ध होईल असे वेळापत्रक करा, कारण नव्या पानाची दखल घ्यायला शोधयंत्रालाही वेळ लागतो.

४. कीवर्ड प्लॅनरमधून अंदाजे आकडे घ्या

एखादा शब्द महिन्याला किती वेळा शोधला जातो याचा अंदाज देणारे हे साधन गूगल ॲड्समध्ये आहे, म्हणजे मुळात जाहिरातदारांसाठी आहे. खाते उघडताना तुम्हाला लगेच जाहिरात मोहीम तयार करायला लावले जाते. 'एक्स्पर्ट मोड'वर जाण्याचा दुवा शोधा. प्लॅनर पूर्णपणे उघडण्यासाठी देयकाची माहिती आणि एक मोहीम मागितली जाऊ शकते. तसे झाल्यास मोहीम तयार होताच ती 'पॉज' करा आणि ती थांबल्याची खात्री मोहिमांच्या यादीत जाऊन करून घ्या. ही खात्री उद्यावर टाकू नये, कारण चालू राहिलेली मोहीम कार्डातून पैसे कापते. कार्डाची माहिती द्यायचीच नसेल तर ही पायरी सोडून पुढे जा. तुमचे काम अडणार नाही.

आत गेल्यावर 'नवे कीवर्ड शोधा' हा पर्याय घ्या, भाषा मराठी ठेवा आणि स्थान महाराष्ट्र. एका वेळी दहा बीजशब्द देता येतात. शब्दाऐवजी एखाद्या पानाचा पत्ता देऊन त्यावरून सुचणारे शब्दही पाहता येतात, आणि या सोयीचा उपयोग तुमच्याच विषयातल्या दुसऱ्या संकेतस्थळाचे पान तपासण्यासाठी करावा. भाषा एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी ठेवून पाहणेही योग्य, कारण रोमन लिपीतले शोध दुसऱ्या यादीत अधिक दिसू शकतात.

जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा मिळत नाही, तर १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे पल्ले मिळतात. हे पल्ले फार रुंद असल्याने एकाच पल्ल्यातल्या दोन शब्दांत खरा फरक नऊपट असू शकतो. तो फरक कळण्यासाठी दोन्ही शब्द ट्रेंड्समध्ये शेजारी टाकून पाहा. ही दोन साधने एकत्र वापरली तरच त्यांचा अर्थ लागतो.

आणखी दोन ठिकाणी नवखे हमखास अडकतात. प्लॅनरमधला 'स्पर्धा' हा स्तंभ जाहिरातदारांमधली स्पर्धा दाखवतो. स्पर्धा 'कमी' याचा अर्थ पहिल्या पानावर येणे सोपे असा नाही; त्या शब्दावर जाहिरात देणारे थोडे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे ठिकाण मासिक सरासरीचे. सरासरी बारा महिन्यांची असते. समजा, एखादा शब्दप्रयोग आषाढीच्या महिन्यात ६००० वेळा आणि एरवी जवळजवळ नाहीच असा शोधला गेला, तर त्याची सरासरी सुमारे ५०० दिसेल, आणि वर्षभर एकसारखा ५०० वेळा शोधल्या जाणाऱ्या शब्दाशेजारी तो तसाच दिसेल. दोहोंसाठी लिहिण्याची वेळ आणि पद्धत पूर्णपणे वेगळी असते.

५. निकालाचे पान स्वतः वाचा

यादीतले वीस-पंचवीस शब्द निवडा आणि प्रत्येकाचा शोध करून पहिले दहा निकाल प्रत्यक्ष उघडून पाहा. सगळ्यांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, असा माझा आग्रह आहे. निकाल मराठीत आहेत की हिंदीत? वरचा अर्धा भाग व्हिडिओंनी व्यापला आहे का? तसे असेल तर लेख कितीही चांगला असला तरी तो पाहिला जाण्याची शक्यता कमी, आणि त्या शब्दासाठी व्हिडिओच करावा. मोठ्या वृत्तपत्रांची घाईने लिहिलेली पाने वर असतील तर खचू नका. ती पाने सहसा प्रश्नाला नेमके उत्तर देत नाहीत, आणि अशा ठिकाणी छोट्या पण सविस्तर पानाला वाव असतो.

शोधणाऱ्याचा हेतूही येथेच कळतो. 'उपवासाची भाजणी' शोधल्यावर बहुतेक पाककृती दिसत असतील, तर लोकांना कृती हवी आहे असे समजावे आणि तेथे विक्रीचे पान पुढे करू नये. 'उपवासाची भाजणी किंमत' किंवा 'उपवासाची भाजणी पुणे' यांमागे मात्र विकत घेण्याची इच्छा असते. अशा शब्दांची संख्या थोडी असली तरी घरगुती उद्योगाला त्यांतूनच गिऱ्हाईक मिळते.

गूगल 'सुमारे इतके लाख निकाल' असे सांगते, त्या आकड्यावर कोणताही निर्णय बेतू नये. किती पाने उपलब्ध आहेत याचा तो अगदी ढोबळ अंदाज असतो. किती लोक शोधत आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही.

६. इतर मोफत साधने

आन्सर द पब्लिक आणि उबरसजेस्ट यांत मोफत शोधांची मर्यादा कडक आहे. पहिले साधन प्रश्नांची मांडणी चांगली करते. मराठीसाठी मात्र दुसऱ्या पायरीतल्या हातकामापेक्षा ते फारसे जास्त देत नाही. बिंग वेबमास्टर टूल्समधले कीवर्ड साधन पूर्ण मोफत आहे आणि सर्च कन्सोलमधून संकेतस्थळ थेट आयात करता येते, पण मराठी शब्दांवर तेथे माहिती तुटपुंजी मिळते. विषय सण, इतिहास किंवा व्यक्ती असा असेल तर मराठी विकिपीडियाच्या लेखांची पृष्ठदृश्ये दाखवणारे साधन जरूर पाहा. त्यात जुलै २०१५ पासूनचे रोजचे नेमके आकडे मिळतात.

ब्राउझरमध्ये बसवायची कीवर्ड दाखवणारी एक्स्टेन्शन (छोटी जोड-साधने) मात्र जपून घ्यावीत. त्यांपैकी अनेक 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागतात. ज्या ब्राउझरमध्ये तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यात ती बसवू नयेत.

७. तक्ता आवरा आणि पाने ठरवा

आता शे-दोनशे ओळींचा तक्ता झाला असेल. त्यात शब्दप्रयोग, लिपी, प्रदेश, हेतू, हंगाम, प्लॅनरचा पल्ला आणि निकालाच्या पानावरचे निरीक्षण एवढे स्तंभ पुरेत. प्लॅनरमधून माहिती उतरवताना थेट गूगल शीट्सचा पर्याय निवडा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यास देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हे दिसण्याची शक्यता असते.

दुबार नोंदी काढताना मराठीची एक खास अडचण येते. 'वऱ्याचे' मधला 'ऱ्या' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो, आणि 'ॲप' मधला 'ॲ' एका स्वतंत्र अक्षराने किंवा 'अ' वर चंद्र जोडून असा दोन्ही तऱ्हांनी येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, तक्त्याला मात्र वेगळे. अशा ओळी हाताने तपासाव्या लागतात. जुन्या छपाईच्या फाइलींतला मजकूर संकेतस्थळावर टाकणार असाल तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. पूर्वीच्या अनेक डीटीपी (संगणकावरच्या छपाई-जुळणीच्या) फाँटमधला मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीने निरर्थक रोमन अक्षरे असतो.

मग ओळींचे गट पाडा, आणि गट शब्दावरून न पाडता गरजेवरून पाडा. 'भगरीचा भात', 'वरीचे तांदूळ कसे करावे' आणि 'वऱ्याचे तांदूळ रेसिपी' यांना एकच पान हवे. प्रत्येक रूपासाठी वेगळे पान केले तर तुमचीच पाने एकमेकांशी झगडतात. शीर्षकात सर्वाधिक शोधले जाणारे रूप घ्या, दुसरे रूप पहिल्या परिच्छेदात सहज येऊ द्या ('विदर्भात जिला भगर म्हणतात' असे एक वाक्य पुरते), आणि 'चालते का' प्रकारचे प्रश्न उपशीर्षके म्हणून वापरा. पानाच्या कोडमधील 'मेटा कीवर्ड' टॅगमध्ये सगळी यादी ओतण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलेले आहे. एकाच परिच्छेदात तोच शब्द दहा वेळा कोंबण्यानेही नुकसानच होते, कारण गूगलच्या धोरणात ते स्पॅममध्ये मोडते.

८. सर्च कन्सोलमधून यादी दुरुस्त करत राहा

पाने प्रसिद्ध होऊन काही आठवडे झाले की सर्च कन्सोलमधला 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा. लोक कोणत्या शब्दांनी तुमच्यापर्यंत आले, पान किती वेळा दिसले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या स्थानावर होते, हे त्यात सोळा महिन्यांपर्यंतचे दिसते. हे आकडे खुद्द तुमच्या संकेतस्थळाचे असल्याने अंदाजी नसतात. मात्र फार थोड्यांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात आणि पडद्यावर जास्तीत जास्त १००० ओळी दिसतात. त्यामुळे शोधशब्दांची बेरीज आणि वरची एकूण संख्या जुळली नाही तर गोंधळून जाऊ नका.

आधी ते शब्द काढा जिथे पान पुष्कळदा दिसते, सरासरी स्थान आठ ते वीसच्या दरम्यान आहे आणि क्लिक मात्र नगण्य आहेत. या पानांना थोड्या दुरुस्तीने सर्वांत लवकर फळ मिळते : शीर्षकात तो नेमका शब्दप्रयोग आहे का ते पाहा, प्रश्नाचे उत्तर वर आणा, संबंधित जुन्या पानांवरून दुवे द्या. नंतर शब्दांच्या गाळणीत रेजेक्सचा (एकाच नमुन्याने अनेक शब्द निवडण्याचा) पर्याय निवडून 'चालत|कसे|कसा|कशी' असे लिहा, म्हणजे प्रश्नरूपी शोध वेगळे निघतील. मध्ये दिलेल्या उभ्या रेषेचा अर्थ 'किंवा' असा आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पानावर नाही पण ज्यासाठी ते पान दाखवले गेले, तो प्रश्न पुढच्या लेखाचा विषय म्हणून तक्त्यात जोडा.

ही पाहणी महिन्यातून एकदा पुरे. रोज स्थान तपासत बसू नये, ते दिवसागणिक वर-खाली होतच असते. हंगामी पानांसाठी मात्र सण उलटल्यावर आठवडाभरात त्याच अहवालात मागच्या वर्षीच्या सणाभोवतीचा काळ आणि यंदाचा काळ यांची तुलना करा. तारखा हाताने भराव्या लागतील, कारण 'मागील वर्षाशी तुलना' हा तयार पर्याय इंग्रजी तारखांप्रमाणे चालतो आणि एकादशी त्याला ठाऊक नसते.